पाळीव कुत्र्याला पूरक आहाराची गरज आहे काय?

घरात कुत्रा आला की त्याच्या खाण्याच्या भांड्यापाठोपाठ टॉनिकची एखादी बाटलीही येते. कॅल्शियमचे सरबत, यकृतासाठी थेंब, केसांना चकाकी आणणारे तेल, सांध्यांच्या गोळ्या, जीवनसत्त्वांची पावडर अशी नाना प्रकारची पूरके पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून व संकेतस्थळांवरून सहज मिळतात. त्यांपैकी बहुतेकांसाठी पशुवैद्यकाची चिठ्ठी कोणी मागत नाही. ‘फायदा झाला नाही तरी तोटा तर होणार नाही’, अशी अनेक मालकांची समजूत असते. पशुपोषणशास्त्र मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही.

शरीराला जे कमी पडत आहे तेच, जेवढे कमी पडत आहे तेवढेच आणि कमतरता असेपर्यंतच देणे, हा पूरक आहाराचा मूळ नियम होय. त्यामुळे कोणते पूरक चांगले, हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. कुत्रा रोज नेमके काय खातो? त्याचे वय व शारीरिक अवस्था कोणती आहे? त्याला निदान झालेला एखादा आजार आहे काय? या प्रश्नांना बगल देऊन सुरू केलेले पूरक बहुधा निरुपयोगी ठरते आणि काही वेळा अपायकारकही ठरते.

कुत्र्याची गरज माणसाहून वेगळी

माणसाला लागू पडणारे आहाराचे नियम कुत्र्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. माणसाला ‘क’ जीवनसत्त्व आहारातूनच मिळवावे लागते. कुत्र्याचे यकृत ते स्वतः तयार करते. म्हणून निरोगी कुत्र्याला ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची आवश्यकता नसते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट आहे. माणसाच्या त्वचेत ते सूर्यप्रकाशामुळे तयार होते; कुत्र्याच्या त्वचेत पुरेशा प्रमाणात तयार होत नाही. कुत्र्याला रोज उन्हात बसविले तरी त्याची ‘ड’ जीवनसत्त्वाची गरज अन्नातूनच भागवावी लागते.

कुत्रा मांसाहारी असल्याने त्याला पोळी-भात पचत नाही, हा समजही पूर्णतः खरा नाही. लांडग्यापासून पाळीव कुत्रा घडत असताना पिष्टमय पदार्थ पचविण्यास साहाय्य करणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्या शरीरात वाढल्या, असे २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. शिजविलेला भात किंवा पोळी बहुतेक कुत्र्यांना पचते. परंतु पचणे आणि पोषण पुरे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पहिला प्रश्न: आहार कोणता?

ज्या तयार खाद्याच्या वेष्टनावर ते ‘संपूर्ण व संतुलित’ असल्याचे आणि कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी आहे याचे स्पष्ट निवेदन असते, त्यात आवश्यक जीवनसत्त्वे व खनिजे आधीच मिसळलेली असतात. असे खाद्य योग्य प्रमाणात खाणाऱ्या निरोगी कुत्र्याला सहसा कोणत्याही पूरकाची गरज पडत नाही. त्यावर आणखी कॅल्शियम वा बहुजीवनसत्त्वे दिल्यास निर्मात्याने साधलेला समतोल बिघडतो. बिस्किटे, हाडाच्या आकाराचे खाऊ व चवीसाठी दिलेले इतर पदार्थ यांतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, असे पोषणतज्ज्ञ सांगतात. हे प्रमाण वाढले की संपूर्ण खाद्यही अपुरे पडू लागते.

आपल्याकडे अनेक घरांत कुत्र्याला घरचेच अन्न दिले जाते. पोषणातील खऱ्या उणिवा प्रामुख्याने येथे आढळतात. एक साधा हिशेब पाहता येईल. १० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. त्याला चार पोळ्या व २०० मिलिलिटर गाईचे दूध दिले, तर पोट भरण्याइतकी ऊर्जा मिळते; पण दुधातून सुमारे २४० आणि गव्हाच्या पिठातून साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम एवढेच कॅल्शियम मिळते. म्हणजे गरजेच्या निम्मेही नाही. शिवाय धान्यातील फायटेट हा घटक कॅल्शियम व जस्त यांचे शोषण कमी करतो. नाचणीत कॅल्शियम भरपूर असले तरी त्यातील सर्वच शरीराला उपलब्ध होत नाही, याचेही कारण हेच.

केवळ मांस दिल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. हाडांवाचून शिजविलेल्या कोंबडीच्या १०० ग्रॅम मांसात कॅल्शियम अवघे १० ते १५ मिलिग्रॅम असते; स्फुरद म्हणजे फॉस्फरस मात्र २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसइतके किंवा त्याहून काहीसे अधिक, पण दुपटीच्या आत असणे इष्ट मानले जाते. मांसात हे प्रमाण पूर्णपणे उलटे असते. रक्तातील कॅल्शियम कमी होऊ लागले की परावटू ग्रंथी अधिक संप्रेरक स्रवतात आणि शरीर हाडांतील कॅल्शियम काढून रक्तात आणते. परिणामी हाडे पोकळ व ठिसूळ होतात. वाढत्या पिल्लांत हा विकार वेगाने बळावतो. उडी मारल्याचे निमित्त होऊनही पाय मोडू शकतो.

घरगुती पाककृती पुस्तकात पाहून केली म्हणजे ती संतुलित असतेच, असेही नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी पुस्तके व संकेतस्थळांवरील २०० पाककृतींचे परीक्षण केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ९५ टक्के पाककृतींत किमान एका आवश्यक घटकाची उणीव होती. आज हा घटक कमी, उद्या तो कमी, असे आलटून पालटून देत राहिल्याने सारे भरून निघेल, ही कल्पनाही फसवी ठरते. कारण बहुतेक पाककृतींत त्याच त्या घटकांची कमतरता होती.

म्हणूनच घरचे अन्न खाणाऱ्या कुत्र्याला पूरकाची गरज असण्याची शक्यता खरोखरच मोठी असते. परंतु ती गरज दुकानातील एखाद्या सर्वसाधारण टॉनिकने भागत नाही. रोजच्या जेवणाची वजनासह यादी पशुवैद्यकासमोर ठेवून नेमकी त्रुटी शोधावी लागते. अंड्याच्या कवचाची बारीक पूड हा कॅल्शियमचा स्वस्त स्रोत आहे. पण तिच्या एका सपाट लहान चमच्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. १० किलोच्या कुत्र्याची ही जवळजवळ तीन दिवसांची गरज होय. ‘चिमूटभर’ आणि ‘चमचाभर’ यांतील अंतर येथे महत्त्वाचे ठरते.

दुसरा प्रश्न: वय आणि अवस्था

पिल्लाचे पुढचे पाय वाकू लागले की त्यास मुडदूस झाला असे समजून कॅल्शियमची मात्रा वाढविली जाते. कॅल्शियमच्या कमतरतेने पाय वाकतात, हे खरेच आहे. मात्र कॅल्शियमच्या अतिरेकानेही पाय वाकतात, ही बाब फारशी परिचित नाही.

प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेनुसार कॅल्शियमचे शोषण कमी-अधिक करते. लहान पिल्लांत, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, हे नियंत्रण पुरते विकसित झालेले नसते. अन्नातून जेवढे अधिक कॅल्शियम येईल, तेवढे अधिक शरीरात शोषले जाते. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेन जातीच्या पिल्लांवर झालेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या आहाराच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम दिलेल्या पिल्लांच्या कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडल्याचे व त्यांच्या सांगाड्यात दोष निर्माण झाल्याचे त्यात आढळले. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने मोठ्या चणीच्या वाढत्या कुत्र्यांच्या खाद्यात कॅल्शियम शुष्क भाराच्या १.२ टक्के ते १.८ टक्के या मर्यादेत असावे, असे ठरविले आहे. खालची व वरची मर्यादा किती जवळ आहेत, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना संतुलित तयार खाद्यासोबत कॅल्शियमचे सरबत देणे म्हणूनच धोक्याचे आहे. पाय वाकलेल्या दोन पिल्लांपैकी एकास कॅल्शियम हवे असू शकते आणि दुसऱ्याचे कॅल्शियम तत्काळ बंद करावे लागू शकते. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. आहाराची चौकशी व क्ष-किरण तपासणी यांखेरीज त्यांच्यात फरक करता येत नाही.

गाभण कुत्रीच्या बाबतीतही असाच गैरसमज आढळतो. गर्भारपणात कॅल्शियमचा सततचा अतिरिक्त पुरवठा केल्यास हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची यंत्रणा मंदावते. प्रसूतीनंतर दुधासाठी कॅल्शियमची मागणी एकाएकी वाढते तेव्हा ही यंत्रणा पुरेशा वेगाने काम करू शकत नाही. त्यातून रक्तातील कॅल्शियम झपाट्याने उतरून कुत्रीला कापरे भरणे, ताप चढणे व झटके येणे अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते. लहान चणीच्या व अनेक पिल्ले झालेल्या कुत्रींना हा धोका अधिक असतो. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता त्वरित रुग्णालय गाठणे आवश्यक असते. गाभण व दुभत्या कुत्रीसाठी पिल्लांच्या वाढीकरिता बनविलेले संपूर्ण खाद्य हा सामान्यतः सुरक्षित पर्याय होय.

तिसरा प्रश्न: आजाराचे निदान झाले आहे काय?

काही आजारांत पूरक हे उपचाराचाच भाग असते. स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसे न स्रवणे हा विकार जर्मन शेफर्ड जातीत विशेष आढळतो. अशा कुत्र्याला भूक भरपूर लागते, तरीही तो वाळत जातो. त्याला पाचक विकरे आयुष्यभर द्यावी लागतात आणि अनेकदा बी-१२ जीवनसत्त्वही द्यावे लागते. आतड्यांच्या दीर्घकालीन दाहातही बी-१२ कमी होते. सायबेरियन हस्कीसारख्या जातींतील काही कुत्र्यांत जस्ताचे शोषण नीट होत नाही. डोळ्यांभोवती व तोंडाभोवती खपल्या धरतात आणि जस्त दिल्यास सुधारणा होते. या सर्व उदाहरणांत आधी तपासणी, मग निदान व त्यानंतर पूरक, असा क्रम असतो.

हा क्रम उलटला की मौल्यवान वेळ वाया जातो. भारतात गोचिडांमुळे होणारे अर्लिकिओसिस व बॅबेसिओसिस हे रोग सर्वत्र आढळतात. त्यांत ताप येतो, कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या फिकट पडतात. रक्त कमी झाले असे म्हणून लोहाचे टॉनिक दिले जाते. वास्तविक या रोगांत लोह कमी पडले म्हणून रक्त घटलेले नसते. जंतूंचा प्रादुर्भाव व त्याला शरीराने दिलेला प्रतिसाद हे त्याचे कारण असते. रक्ताची तपासणी करून नेमके औषध देण्यास आठवडाभर उशीर झाला तर प्राणावर बेतू शकते. याउलट अंकुशकृमी झालेल्या पिल्लांत सततच्या रक्तस्रावामुळे लोहाची खरी कमतरता निर्माण होते. परंतु तेथेही आधी जंतनाशक देणे अगत्याचे असते.

केस गळण्याबाबतही हेच म्हणता येईल. ऋतुमानानुसार केस झडणे स्वाभाविक आहे. खरूज, पिसवा, बुरशी, अवटू ग्रंथीची मंदता अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. केसांचे टॉनिक यांपैकी कोणत्याही कारणाचे निवारण करीत नाही.

हृदयविकार टाळण्यासाठी टॉरीन हे पूरक देण्याचा प्रघातही अलीकडे वाढला आहे. बहुतेक कुत्र्यांचे शरीर टॉरीन स्वतः तयार करते. धान्यविरहित खाद्य व हृदयाच्या स्नायूंचा विकार यांचा संबंध तपासण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये आरंभ केला. मात्र कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याइतकी माहिती हाती नसल्याचे या प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. निदान झालेल्या कुत्र्यास टॉरीन उपयोगी पडू शकते. निरोगी कुत्र्याला ते सरसकट देण्यास आधार नाही.

सांध्यांची पूरके आणि पुरावा

वयस्क कुत्र्यांसाठी सर्वाधिक खपणारी पूरके म्हणजे ग्लुकोसामाइन व काँड्रॉइटिन यांच्या गोळ्या. कुत्रा व मांजर यांच्या संधिवातावरील आहारघटकांविषयी उपलब्ध अभ्यासांचा एक विस्तृत आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदना कमी करण्यात या दोन घटकांचा परिणाम आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांना मात्र त्यात अनुकूल पुरावा मिळाला. जवसाच्या तेलातही ओमेगा-३ असते. पण त्याचे उपयुक्त रूपांत परिवर्तन करण्याची कुत्र्याची क्षमता मर्यादित आहे. माशांचे तेल अधिक झाल्यास उलट्या-जुलाब होऊ शकतात व रक्त गोठण्यावर परिणाम संभवतो. म्हणून त्याचेही प्रमाण वजनानुसार पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावे.

सांध्यांच्या दृष्टीने सर्वांत परिणामकारक उपाय बाटलीत मिळत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर त्यांच्या जन्मापासून मृत्यूपर्यंत एक दीर्घ अभ्यास करण्यात आला. प्रत्येक जोडीतील एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे होते. संधिवाताच्या उपचारांची गरजही कमी खाणाऱ्या कुत्र्यांना उशिरा भासली. लठ्ठ कुत्र्याच्या आहारात गोळी वाढविण्यापेक्षा दोन पोळ्या कमी करणे अधिक हितावह ठरते, असा याचा व्यावहारिक अर्थ होय.

माणसांची पूरके कुत्र्याला नकोत

घरातील माणसांसाठी आणलेली पूरके कुत्र्याला देणे हे सर्वांत मोठे संकट ठरू शकते. आपल्याकडे माणसांना ‘ड’ जीवनसत्त्वाची आठवड्यातून एकदा घ्यावयाची ६०,००० एककांची मात्रा सर्रास दिली जाते. १० किलोच्या कुत्र्याची दैनंदिन गरज सुमारे १२५ एकके असते. म्हणजे त्या एका पुडीत त्याची सव्वा वर्षाहून अधिक काळाची गरज सामावलेली असते. वजनात ही मात्रा १.५ मिलिग्रॅम भरते आणि दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅमपासून विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. ‘ड’ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत एका कंपनीला याच कारणास्तव डबाबंद श्वानखाद्य बाजारातून परत घ्यावे लागले होते. चूक कारखान्यात झाली तरी घातक आणि घरात झाली तरी घातक.

साखरविरहित चघळण्याच्या गोळ्यांत झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असू शकतो. तो कुत्र्यांच्या रक्तातील साखर वेगाने उतरवतो व यकृतास इजा करतो. कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि माशाचे साधे तेल यांतही फरक आहे; पहिल्यात ‘अ’ व ‘ड’ जीवनसत्त्वे मोठ्या प्रमाणात असतात. रोज भरपूर यकृत खाऊ घातल्यानेही ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊ शकतो. कुत्र्याने माणसाच्या गोळ्या खाल्ल्याचे लक्षात येताच वेष्टन सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे.

निर्णय कसा घ्यावा?

जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने २०११ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तापमान, नाडी, श्वसन व वेदना यांच्या जोडीला पोषणाचे मूल्यमापन प्रत्येक भेटीत व्हावयास हवे. त्याची तयारी मालकास घरीच करता येते. सात दिवस कुत्र्याच्या पोटात जाणारी प्रत्येक वस्तू, बिस्किटे व उरलेसुरले अन्न धरून, वजनासह लिहून ठेवावी. फासळ्यांवरून हात फिरवून पाहावा. हलक्या स्पर्शाने त्या जाणवल्या पाहिजेत, पण उठून दिसता कामा नयेत. कुत्र्याचे वजन, जंतनाशकाची तारीख व चालू असलेली सर्व औषधे यांचीही नोंद असावी.

त्यानंतर पूरक द्यावयाचे ठरल्यास वेष्टन नीट वाचावे. प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम आहे, हे लिहिलेले नसेल तर ते उत्पादन टाळणे श्रेयस्कर. पशुखाद्य पूरकांच्या अनेक बाटल्यांवर ‘औषधी वापरासाठी नव्हे’ अशा आशयाची ओळ असते. ते उत्पादन रोग बरा करणारे औषध म्हणून विकले जात नाही, असा तिचा सरळ अर्थ आहे. एका वेळी एकच पूरक सुरू करावे. ते कशासाठी आहे व किती आठवड्यांनी परिणाम तपासायचा, हे आधीच ठरवावे. त्या मुदतीत फरक दिसला नाही तर ते बंद करण्याविषयी पशुवैद्यकाशी बोलावे. कॅल्शियम आणि काही प्रतिजैविके एकत्र दिल्यास औषधाचे शोषण घटते. म्हणून चालू असलेले प्रत्येक पूरक डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

गुंतागुंतीच्या प्रकरणी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तपासणीची सोय उपलब्ध असते. मुंबईत परळ येथे, चेन्नईत वेपेरी येथे, लुधियानात गुरू अंगद देव पशुवैद्यकीय विद्यापीठात आणि बरेलीजवळ इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत अशी रुग्णालये आहेत. अन्य अनेक राज्यांतही शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये ही सेवा देतात.

संतुलित खाद्य खाणाऱ्या, योग्य वजनाच्या व निरोगी प्रौढ कुत्र्याला पूरक आहाराची गरज बहुधा नसते. घरचे अन्न खाणाऱ्या कुत्र्याला ती बहुधा असते. पण आधी त्याचा आहार सुधारावा लागतो. वाढती पिल्ले, गाभण कुत्री व आजारी कुत्रे यांच्याबाबत मात्र तपासणीवाचून एक थेंबही न देणे हेच शहाणपणाचे ठरते.